सहा शेर फिरतं वजन

गुणवंतरावांना मोटर फुकट मिळाली, आणि संशय तिथूनच सुरू झाला.

मूलच्या एका राइस मिलमध्ये ते बावीस वर्षं काट्यावर बसत होते. धान आत जाताना तोलायचं, तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस बाहेर येताना तोलायचं, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत कोणाला जागचं हलू द्यायचं नाही, अशी ती नोकरी. शेतकऱ्याला वाटतं मिल खाते, मिलला वाटतं शेतकरी धान भिजवून आणतो, आणि काट्यावरच्या माणसाला दोघांचंही म्हणणं पटतं. बावीस वर्षं असं पटून घेतल्यावर स्वभावाचं काय होणार? देवळात प्रसाद हातावर पडला तरी गुणवंतरावांचा हात आपोआप दोनदा वरखाली व्हायचा. पुजारी आताशा त्यांना जरा जास्तच घालत असे.

तर एका दसऱ्याला शेटजींनी मिलच्या मागच्या शेडमधली जुनी विलायती मोटर त्यांना देऊन टाकली. जंगल खात्याचा एक गोरा साहेब देश सोडताना ती शेटजींकडे ठेवून गेला होता, आणि गेली दहा वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दुसरा कोणी असता तर तिथंच पाया पडला असता. गुणवंतराव घरी येऊन बायकोला म्हणाले, "फुकट काऊन देऊन राह्यला असन? कायतरी आहे त्याच्यात."

"कोंबड्यायची घाण आहे," इंदुताई म्हणाल्या. "दुसरं काय असन?"

मिलचा फिटर मंगरू यानं महिनाभर खपून ती चालू केली. पण मोटर म्हटली की पेट्रोल आलं, आणि पेट्रोल म्हटलं की पोचू आला. पोचू हा मिलचा हमाल. जंगलातल्या गावाचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. साहेबाच्या वेळी तो याच मोटरीवर क्लीनर होता. आता ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सोयीची वाटली असती. गुणवंतरावांनी सरळ हिशेब केला: ज्याला मोटर ठाऊक, त्याला पेट्रोल कुठून काढायचं तेही ठाऊक. म्हणून सीटखालच्या टाकीत त्यांनी कधी चार बोटांच्या वर पेट्रोल ठेवलं नाही. बाकीचं घरी, पलंगाखाली, साखळदंड घातलेल्या डब्यात. शिवाय खाचा पाडलेली एक बांबूची काडी होती. ती सकाळ-संध्याकाळ टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पोचूनं ते बघावं अशा बेतानं बघायचं.

आता घाटाबद्दल. त्यांची एकुलती एक मुलगी रंभा वैनगंगेपलीकडे बोरटोल्याला दिली होती, भैयाजी पाटलांच्या घरी. सावली गावावरून पुढं गेलं की नदी. पाणी ओसरलं की रेतीवर बांबूचे तट्टे टाकून रस्ता करतात, त्यावरून मोटर जाते. पण पलीकडचा काठ म्हणजे चांगला दोन माणूस उंच मातीचा घाट, आणि त्याच्या डोक्यावर बोरटोला. लग्नानंतर वैशाखात गुणवंतराव लेकीला मोटरीनं पोचवायला गेले, आणि मोटर घाटाच्या मध्यावर आचके देऊन बंद पडली. चारदा चालू केली, चारदा बंद पडली. शेवटी भैयाजींनी बैलजोडी पाठवली. सगळा बोरटोला काठावर उभा, पुढं दोन पांढरे बैल, मागं मोटर, आणि मोटरीत चाक धरून बसलेले गुणवंतराव. बैल ओढत असताना चाक फिरवण्याची काही गरज नव्हती, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

वर पोचल्यावर भैयाजी एवढंच म्हणाले, "व्याहीबुवा, पुढच्या खेपेले बैल तिकडूनच जुपून आणा. इंजिनाले काऊन तकलीफ देता?" हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं.

पुढं पौषात भैयाजींचं पत्र आलं. रंभाला माघात सातवा लागतो, पहिलटकरीण आहे, रिवाजाप्रमाणे माहेरी पाठवतो. पण बैलांच्या दमणीतून पाठवतो, कारण 'आपली मोटर घाट चढत नसल्याचे सर्वश्रुत आहे.' त्या 'सर्वश्रुत' शब्दावर गुणवंतरावांचं जेवण अडलं. व्याह्याला सून पाठवायचीच नाही, मोटरीचं नुसतं निमित्त आहे, असा त्यांना दाट संशय आला. त्यांनी ताट सरकवलं आणि कार्ड लिहिलं: मी माघी पौर्णिमेला मोटर घेऊन येतो. ती स्वतःच्या बळावर घाट चढेल. न चढल्यास बाळंतपण आपल्याकडेच होऊ द्यावे. कार्ड पेटीत टाकून आले आणि मग बायकोला सांगितलं.

इंदुताईंनी त्याच सकाळी पाळणा माळ्यावरून काढून अंगणात घासायला घेतला होता. त्यांच्या हातातला नारळाचा काथ्या थांबला. "लेकीचं पहिलं बाळंतपण," त्या म्हणाल्या. "ते तुमी काट्यावर टाकून आले?" पुढं चार दिवस त्या बोलल्या नाहीत. घासलेला पाळणा पुन्हा माळ्यावरही चढवला नाही. जाता-येता गुणवंतरावांच्या गुडघ्याला लागेल अशा जागी तो ओसरीवर उभा राहिला.

उपाय सापडला तो मोटरीतच. मागची सीट झटकताना साहेबाचं एक इंग्रजी मासिक निघालं, कडेनं कोंबड्यांनी टोचलेलं. शेजारचे वारलू मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि अर्थ लावला: इंजिनाच्या पोटात एक जड बिडाचं चाक असतं. इंजिनाचा निम्मा जोर ते चाक फिरवण्यातच जातो. चाक कातून हलकं करा, फिरतं वजन घटवा, की तोच जोर रस्त्याला मिळतो. "शर्यतीवाले असंच करतात," मास्तर म्हणाले. मासिकाचं पुढचं पान अंड्याला चिकटून गेलं होतं, त्यामुळं शर्यतीवाले पुढं काय करतात ते कळलं नाही.

मंगरूला हे पटलं नाही. "भाऊ, आपल्या मिलच्या इंजिनाचं चाक पाहा ना. माणसाच्या उंचीचं आहे. ते जड आहे म्हून दम धरते, म्हून तांदूळ निघते. हलकं चाक पटकन पळन, अन् पटकन मरन."

गुणवंतरावांनी ओळखलं की मंगरूकडं कातायची लेथ नाही म्हणून तो असं बोलतो. दुसऱ्या दिवशी मंगरू कंटाळून म्हणाला, "बरं, करा हलकं." तेव्हा त्यांना त्याचाही संशय आला. पोचू बाजूला पोती रचत होता. तो म्हणाला, "भाऊ, साहेब तं त्या घाटावर..."

"तुले विचारलं का?" गुणवंतराव म्हणाले. याला मोटर चालवायची आहे, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

चाक निघालं. मिलच्या काट्यावर स्वतः तोललं: बरोबर वीस शेर. लेथ होती चांद्याला. पोचूच्या डोक्यावर पोतं देऊन दोघं मोटर स्टँडवर गेले. बसच्या टपावर पोतं चढवताना पोचू पुन्हा म्हणाला, "भाऊ, चाकाचं काई नाई, घाटावर टाकी..." टाकीचं नाव निघताच गुणवंतरावांनी खिशातली डब्याची किल्ली चाचपली आणि बसमध्ये जाऊन बसले.

वाटेत जंगलाचा नाका. नाकेदार पोत्यावर छडी मारून म्हणाला, "काय आहे?"

"चाक. मोटरचं."

"मोटर कुठी आहे?"

"घरी."

"चाक फिराले चाललं अन् मोटर घरी," नाकेदार म्हणाला, आणि पोतं सोडून बघितलं. लोखंडाला पास लागत नाही, जा, असं त्यानं सांगितलं. सरळ माणूस गेला असता. पण गुणवंतरावांना वाटलं, येताना दुसराच कोणी असला आणि त्यानं चोरीचा माल म्हटलं तर? त्यांनी हट्टानं नाक्याच्या वहीत लिहून घेतलं: एक नग चाक, वजन वीस शेर, जाऊन परत येणार. खाली सही केली. नाकेदाराला अशी नोंद करून घेणारा माणूस आजवर भेटला नव्हता, त्यामुळं त्यालाही थोडा संशय आला.

चांद्याचा नथ्थू मिस्त्री बोटं काळी झालेला, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून काम करणारा माणूस. त्यानं चाक लेथवर चढवलं आणि म्हणाला, "उद्या या." गुणवंतराव हलले नाहीत. धान दळायला टाकून कोणी घरी जातं का? आपल्या भागात माणूस मशीनपाशी उभा राहतो, तांदूळ आपल्या पोत्यात घेतो, कणी घेतो, कोंडा घेतो, आणि तूससुद्धा पायानं गोळा करून बघतो. त्यांनी घरून पोतं आणलं होतं. ते लेथखाली अंथरलं आणि उकिडवे बसले.

"हे काय?" नथ्थूनं विचारलं.

"कीस माझा आहे."

"भाऊ, तीस वर्षं झाले मले. लोखंडाचा कीस कोणी घरी नेला नाई."

"म्हूनच तं," गुणवंतराव म्हणाले.

दुपारी चहाला नथ्थू उठला तेव्हाही ते उठले नाहीत. पोचूला मात्र त्यांनी बाहेर पाठवलं, कारण एका वेळी दोघांवर नजर ठेवता येत नाही. तिसऱ्या प्रहरी चाक उतरलं. चौदा शेर. म्हणजे सहा शेर गेलं. नथ्थूनं आता जान सुटावी म्हणून झाडू घेतला आणि लेथखालचं असेल नसेल ते सगळं त्यांच्या पोत्यात भरलं. पोतं तोललं: पावणेसात शेर.

गुणवंतरावांनी पुन्हा तोललं. कमी भरलं असतं तर काय बोलायचं ते तयार होतं. जास्त कसं भरलं? धान जास्त भरलं की ते एकतर ओलं असतं, नाहीतर दुसऱ्याचं असतं. लोखंड ओलं होत नाही. "हे पाऊण शेर कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच म्हणा," नथ्थू म्हणाला, आणि दुकानाची फळी ओढू लागला.

परतीच्या नाक्यावर तोच नाकेदार होता, आणि तो वाटच बघत असावा. त्यानं वही उघडली, नाक्यावरचा काटा मागवला. चाक चौदा, पोतं पावणेसात. "वीस गेलं, पावणेएकवीस आलं," तो म्हणाला. "पाऊण शेर कुठून आणलं?" गुणवंतराव बावीस वर्षांत पहिल्यांदा काट्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. तिकडून काटा फार निराळा दिसतो. ते म्हणाले, लेथवाल्यानं घातलं. नाकेदार म्हणाला, लोक लोखंड चोरतात, घालत नाहीत. शेवटी पाऊण शेर कीस नाक्यावर जमा झाला. त्याची पावती द्यायला फॉर्म नव्हता. जिल्हा नुकताच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता, आणि नवे फॉर्म अजून वाटेत होते. जुन्या फॉर्मवर राज्याचं नाव खोडून पावती झाली. ती पुढं कित्येक वर्षं गुणवंतरावांच्या पाकिटात होती. तोवर बस निघून गेली होती, आणि पोचू चाक डोक्यावर घेऊन आठ मैल चालला. गुणवंतराव पोतं घेऊन त्याच्या मागून चालले, कारण पुढून चालले असते तर पोचू दिसला नसता.

चाक बसलं. मोटर चालू केली तर झणकन पेटली, आणि सपाट रस्त्यावर अशी सुटली की वारलू मास्तरांनी टोपी धरली. मंगरूचं तोंड बघण्यासारखं झालं असेल म्हणून गुणवंतरावांनी वळून बघितलं. पण मंगरू नुसता उभा होता. पुढं बैलगाडी आडवी आली, मोटर हळू केली, आणि ती मेली. पुन्हा चालू केली, हळू केली, पुन्हा मेली. "तिले हळू चालाची आदत राह्यली नाई आता," गुणवंतराव अभिमानानं म्हणाले.

सहा शेर कीस घरी ठेवायचा कुठं? गडी येतो-जातो, शेजारी येतात-जातात. त्यांनी पोतं मोटरीतच मागच्या सीटपाशी ठेवलं. इंदुताईंनी ते पाहिलं. "चाकातून काढलं अन् मोटरीत ठेवलं," त्या म्हणाल्या. चार दिवसांनी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, म्हणून गुणवंतरावांनी वाद घातला नाही.

माघी पौर्णिमेला तिघं निघाले. पुढं गुणवंतराव, मागं इंदुताई पायाशी पोतं घेऊन, आणि पोचू. पोचूला का घेतलं? कारण मूलमध्ये पलंगाखाली पेट्रोलचा डबा होता. तो मागं राहण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरा. टाकीत नेहमीसारखं चार बोटं.

सावलीपर्यंत मोटर उडत गेली. नदीत तट्ट्यांवरूनही धडधडत पार झाली. समोर घाट, आणि घाटाच्या डोक्यावर सगळा बोरटोला. मधोमध बाजेवर भैयाजी, आणि बाजेला लागून तेच दोन पांढरे बैल, जू घालून तयार. बैल बघितले आणि गुणवंतरावांच्या कानशिलाला आग लागली. त्यांनी मोटर घाटाला घातली. ती दहा हात चढली, आचका दिला आणि मेली.

खाली आणली, पुन्हा घातली. आठ हात. तिसऱ्यांदा सहा हात. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर मरत होती. मागून इंदुताईंचा हुंदका ऐकू आला. रंभा तिथं वर होती. आणखी दोन महिने तिच्या कपाळावर हात ठेवायला आई नसणार, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं कार्डावर लिहून दिलं होतं.

"भाऊ," पोचू म्हणाला.

"तू चूप..."

"त्याले बोलू द्या," इंदुताई म्हणाल्या. आवाज असा होता की बैलांनीही कान हलवले.

पोचू खाली उतरला आणि सीटवर थाप मारून म्हणाला, "टाकी इथी आहे, सीटखाली. पेट्रोल आपल्या मनानं वाहत इंजिनात जाते. मोटरचं नाक वर झालं का इंजिन वर अन् टाकी खाली. चार बोटं पेट्रोल वर कसं चढन? साहेब टाकी गळ्यालोक, पुरी भरे. नाई भरली तं मोटर उलटी करून मागच्या मागं चढवे. मग टाकी वर रायते, इंजिन खाली."

गुणवंतरावांनी सीट उचलून काडी बुडवली. मग म्हणाले, "आधी काऊन नाई सांगितलं?"

"महिना झाला सांगून राह्यलो, भाऊ."

टाकी भरायला पेट्रोल मूलला साखळदंडात होतं. म्हणजे उलटी चढवणं आलं. रेतीत मोटर वळवली, पाठ घाटाकडं केली. मागचं दिसेना. मागं इंदुताई, वर टप, आणि त्यापलीकडं अरुंद घाट, दोन्ही बाजूंना घसरण. पोचू घाटात उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगतो तसं फिरवा. अन् पोतं राहू द्या मागं, चाकं दाबून धरते." मागच्या चाकांवर इंदुताईंचंही वजन होतं, पण ते बोलण्याइतका पोचू भोळा नव्हता.

गुणवंतरावांनी गिअर टाकला. मोटर कण्हली आणि मागं सरकली. "डावीकडं," पोचू म्हणाला. क्षणभर त्यांचा हात थांबला. डावं म्हणतो म्हणजे उजवं तर नसेल? बावीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडच्या वजनावर त्यांनी कधी भरवसा ठेवला नव्हता. आता समोर नदी दिसत होती, मागं काहीच दिसत नव्हतं, आणि इंजिन चालू होतं. त्यांनी डावीकडं फिरवलं. "बस. आता सीधी. थोडी उजवी. येऊ द्या, येऊ द्या." ते येत गेले. इंजिन एकदाही मेलं नाही. नदी खाली खाली गेली, आणि मोटर पाठमोरी बोरटोल्यात शिरून भैयाजींच्या बाजेपाशी थांबली.

भैयाजी उठले. मोटरीभोवती एक फेरी मारली. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "येऊन राह्यले का जाऊन राह्यले?"

"चढली," गुणवंतराव म्हणाले. त्यांचा सदरा भिजला होता.

"चढली म्हणजे कशी? मोटर तोंडानं चढते. असं पाठीनं चढलेलं धराचं का नाई, हे पाहा लागन." गावकऱ्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, झाडावरून माणूस उतरतो तो पाठीनंच उतरतो, मग उतरला नाही म्हणायचं का? दुसरा म्हणाला, ते उतरणं आहे, हे चढणं. गुणवंतरावांनी मनातल्या मनात कार्ड पुन्हा वाचलं. कार्डावर 'तोंडानं' असा शब्द नव्हता, पण 'पाठीनं' असाही नव्हता.

तेवढ्यात दारातून रंभा आली, सावकाश, कमरेवर हात ठेवून. तिनं बापाकडं बघितलं, मोटरीकडं बघितलं, आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मोटरचं तोंड मूलकडंच आहे. वळवाची बी गरज नाई." आणि आईजवळ जाऊन बसली.

भैयाजी आता हसले. त्यांनी हाक मारली, तशी घरातून गाठोडी यायला लागली. लाडूंचा डबा, जुन्या लुगड्यांची दुपटी, तांदळाचं पोतं. सगळं सकाळपासून बांधून दाराआड ठेवलेलं होतं. "बैल कशाले जुपले होते मग?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तुमची मोटर अडली तं वर ओढाले," भैयाजी म्हणाले. "पोरीले आज जायाचंच होतं. कार्डात काईबी लिवते माणूस, अन् वाचनारा ते धरून बसते का?"

गुणवंतरावांना फार शरम वाटली. त्यांनी महिनाभर ज्या माणसाचा संशय धरला, तो माणूस सुनेसाठी दुपटी बांधत होता. त्यांनी व्याह्याचे दोन्ही हात धरले, आणि नेमकं त्या वेळी त्यांचे हात सवयीनं वरखाली झाले. भैयाजींनी ते मनावर घेतलं नाही.

उतार सोपा होता. पलीकडं सावलीच्या काठावरही मोटर उलटीच चढली, पोचूच्या सांगण्यावर, एका दमात. उलटी चढल्यामुळं सगळ्यांची तोंडं बोरटोल्याकडं होती. भैयाजी पाण्याच्या कडेपर्यंत बैल घेऊन आले होते आणि मोटर वर पोचेपर्यंत तिथंच उभे राहिले. का उभे आहेत, असं गुणवंतरावांच्या मनात आलं नाही.

वर थांबून त्यांनी खिशातून डब्याची किल्ली काढली आणि पोचूच्या हातावर ठेवली. "उद्या टाकी गळ्यालोक भर."

पोचूनं किल्ली घेतली, मुठीत धरली. मग विचारलं, "अन् काडी?"

काडी सीटच्या बाजूला खोचलेली होती. गुणवंतरावांनी ती काढली, तिच्यावरच्या खाचांवरून बोट फिरवलं, आणि ती द्यावी का नाही या विचारात तशीच धरून बसले. इंदुताईंनी मागून हात घालून ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"हे मले लागते," त्या म्हणाल्या. "धुऊन घेईन. पाळण्यावर कापडाच्या चिमण्या बांधाले खाचा आयत्याच आहेत."